सिक्युरिटी ब्लॉगचं फीड ओपनसीटीआयमध्ये जोडायचंय? जोडणं दोन मिनिटांचं आहे, त्याच्या पुढचं ऐका

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे जगभरातल्या एटीएममधून निघायला लागले, एकूण २८ देशांत. बनावट कार्ड घातलं की मशीन नोटा मोजून देतंय, कारण कार्ड खरं की खोटं हे ज्या सिस्टिमला विचारायचं तिच्या जागी चोरांनी स्वतःची एक सिस्टिम मधे बसवली होती आणि ती प्रत्येकाला 'हो, देऊन टाक' म्हणत होती. त्यातले काही पैसे आपल्या कोल्हापुरातूनही काढले गेले. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून, म्हणजे बँका देशाबाहेर पैसे पाठवायला वापरतात त्या व्यवस्थेतून, आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. सगळं मिळून ९४ कोटींच्या वर.

आता मधली तारीख बघा. १२ ऑगस्ट, रविवार. त्या दिवशी ब्रायन क्रेब्स या अमेरिकन पत्रकाराने स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं की एफबीआयने शुक्रवारीच बँकांना आतल्या आत इशारा पाठवलाय, येत्या काही दिवसांत जगभरातली एटीएम रिकामी करायचा मोठा बेत शिजतोय, असल्या प्रकारात याआधी छोट्या-मध्यम बँका सापडल्यात, आणि हे लोक बहुतेक वेळा शनिवारी बँका बंद व्हायच्या सुमारास कामाला लागतात. या वेळी कुठल्या बँकेवर डोळा आहे हे त्यात कुठेच नव्हतं. ते वाचून काही थांबलं असतं असं मी म्हणत नाहीये, शनिवारचे पैसे तोवर गेलेच होते. पण स्विफ्टचे सोमवारी गेले, आणि रविवारी ही पोस्ट उघड्यावर पडलेली होती, कुणीही वाचावी. मला हे आठवलं की अजूनही कसंतरी होतं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे मला सारखं कुणीतरी विचारतं, की आम्ही थ्रेट इंटेलिजन्स प्लॅटफॉर्म, म्हणजे हल्ले आणि हल्लेखोरांची माहिती एका जागी गोळा करायचं सॉफ्टवेअर, टाकलाय, त्यात ब्लॉगची फीड कशी जोडायची. तर सांगतो. मी ओपनसीटीआय धरून सांगणार, कारण रोज तेच वापरतो. फुकट मिळतं, फ्रान्सच्या सरकारी सायबर एजन्सीने, म्हणजे आन्सीने, युरोपियन युनियनच्या सर्ट, म्हणजे सायबर हल्ल्यांना तोंड देणाऱ्या, टीमबरोबर सुरू केलेलं, २०१९ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल ते मिस्प, तेही असंच फुकटचं सॉफ्टवेअर, त्याच्याकडे मधेमधे वळू.

आधी 'फीड' या शब्दाचा घोळ निस्तरू, कारण निम्मे लोक इथेच घसरतात. या धंद्यात फीड म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी. एक फीड म्हणजे नुसती यादी, हे आयपी वाईट, हे डोमेन वाईट, या फाईलींचे हॅश, म्हणजे फाईलीच्या मजकुरावरून निघणारे बोटांच्या ठशांसारखे आकडे, वाईट, बस्स. युआरएलहाऊससारखी सेवा असली यादी देते, मशीनने वाचायची, मशीनने वापरायची. दुसरी फीड म्हणजे ब्लॉगची आरएसएस फीड, आणि त्यात असतो लेख, माणसाने माणसासाठी लिहिलेला. मिस्पमध्ये फीडच्या पानावर गेलात तर तिथे पहिल्या जातीच्या फीडचं राज्य आहे. फ्रीटेक्स्ट नावाचा प्रकार निवडून कुठल्याही पानावरचे आयपी-बियपी ओरबाडता येतात, पण लेख म्हणून लेख ठेवायची ती जागा नाही. ओपनसीटीआयमध्ये आरएसएससाठी वेगळा दरवाजाच आहे, आणि यादीवाल्यांसाठी टॅक्सी आणि सीएसव्ही हे वेगळे. टॅक्सी म्हणजे रिक्षा-टॅक्सीतली नव्हे हो, हा माहिती पोचवायचा एक प्रोटोकॉल आहे.

आरएसएस म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागतं, कारण गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा ती शाळेत होती. सोसायटीच्या गेटजवळ काळा फळा असतो बघा, उद्या पाणी नाही, रविवारी मीटिंग, असं लिहिलेला. ब्लॉगची आरएसएस फीड म्हणजे तसला फळा. नवीन लेख आला की मथळा, तारीख, दोन ओळी आणि लेखाची लिंक फळ्यावर चढते. फळा तुमच्या घरी येत नाही, तुम्हालाच येता-जाता बघावं लागतं, तर ते बघायचं काम प्लॅटफॉर्म करतो, ठरलेल्या वेळाने जातो, नवीन काय ते टिपून आणतो. आणि फळ्यावर जागा कमी असते हे लक्षात ठेवा, वर्डप्रेसवर चालणाऱ्या ब्लॉगच्या फीडमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे शेवटच्या १० पोस्टच दिसतात. तुमचा सर्व्हर आठवडाभर झोपला आणि तेवढ्यात ब्लॉगवाल्याने १५ पोस्ट टाकल्या, तर पहिल्या ५ फळ्यावरून पुसल्या गेल्या, तुम्हाला त्या कधी दिसणारच नाहीत.

फीडचा पत्ता शोधणं ही बारीकशी कटकट असते. पूर्वी केशरी रंगाचं चिन्ह असायचं प्रत्येक साईटवर, आता बऱ्याच जणांनी काढून टाकलंय. वर्डप्रेस असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश फीड लावून बघा, बहुतेक वेळा लागतं. नाहीतर पानावर राईट क्लिक करून सोर्स उघडायचा आणि आरएसएस किंवा अ‍ॅटम हा शब्द शोधायचा. मिळालेला पत्ता आधी ब्राउझरमध्ये उघडा, कंसाकंसांचा एक्सएमएलचा पसारा दिसला तर बरोबर जागी आलात, छान सजवलेलं वेबपेज दिसलं तर चुकलात.

मग ओपनसीटीआयमध्ये डाव्या मेनूत डेटा, त्यात इंजेशन, त्यात आरएसएस फीड्स, आणि अधिकचं बटण. फॉर्म उघडतो. नाव द्या, पत्ता चिकटवा, किती वेळाने बघायचं ते सांगा. मी तासाभराचं ठेवतो, दर मिनिटाला दुसऱ्याच्या सर्व्हरवर टकटक करायची काही गरज नसते, उलट तिकडून तुम्हालाच ब्लॉक करतील. इथपर्यंत कुणीही करतं. खरी मेख पुढच्या चार-पाच रकान्यांत आहे जे सगळे रिकामे सोडून पुढे जातात.

पहिला, ही माहिती कुठल्या युजरच्या नावाने तयार व्हायची. रिकामा सोडलात तर सगळं सिस्टिमच्या नावावर जातं, आणि सहा महिन्यांनी कुठला कचरा कुठून आला ते शोधत बसता. प्रत्येक फीडसाठी वेगळा युजर काढा, कंटाळा आला तरी काढा, कारण कॉन्फिडन्स, म्हणजे या माहितीवर किती विश्वास ठेवायचा, तो आकडा या युजरवरून ठरतो. १०० पैकी द्यायचा असतो. जे लोक स्वतः हल्ल्याची चिरफाड करून लिहितात, उदाहरणार्थ द डीएफआयआर रिपोर्ट, जिथे चोर आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतची अख्खी टाइमलाइन देतात, त्यांना मी वरचा आकडा देतो. दुसऱ्याचं वाचून बातमी करणाऱ्या साईटला खालचा. आकडा नक्की किती यावर आमच्या टीममध्ये भांडणं झालीत, ७५ की ८०, त्याने काही फरक पडत नाही, दोघांत अंतर असणं महत्त्वाचं.

दुसरा रकाना लेखकाचा, इथे ब्लॉग चालवणारी संस्था टाका. तिसरा, किती जुन्या तारखेपासून आणायचं. हा रिकामा ठेवला की फीडमध्ये जेवढं आहे तेवढं सगळं येतं, आणि काही संस्थांच्या फीडमध्ये शेकडो जुन्या पोस्ट पडून असतात, त्या सगळ्या एका दमात आजच्या कामाच्या डोक्यावर येऊन बसतात. चौथा मार्किंगचा, म्हणजे टीएलपी, ट्रॅफिक सिग्नलसारखे रंग, ही माहिती कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही याचे. उघड ब्लॉगवरचं आहे तर टीएलपी क्लिअर. जुन्या लोकांना ते टीएलपी व्हाईट म्हणून माहितीय, २०२२ मध्ये नाव बदललं. हे भरलं नाही तर उद्या तुम्ही बाहेर कुणाला माहिती द्यायला जाल तेव्हा हे उघडं की झाकलेलं यावरून गाडं अडतं.

सेव्ह करा, मग यादीत स्टेटस बघा. फीड चालू नसेल तर तीन टिंबांच्या मेनूतून स्टार्ट करा, नाहीतर मी एकदा केलं तसं दोन दिवस 'काहीच कसं येत नाही' म्हणत लॉग चाळत बसाल.

आलं की काय दिसतं? प्रत्येक पोस्टचा एक रिपोर्ट तयार होतो, त्यात मथळा, वर्णन आणि मूळ लेखाची लिंक. बाकी आत रिकामं. लोक इथे नाराज होतात, आयपी कुठायत, मालवेअर कुठाय, ग्राफ कुठाय. अहो, फळ्यावरची नोटीस आणलीय त्याने, मीटिंगला तुम्हालाच जायचंय.

मीटिंगला जायचं काम दोन कनेक्टर, म्हणजे प्लॅटफॉर्मला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, करतात. एक त्या लिंकवर जाऊन अख्खं पान पीडीएफ किंवा साध्या मजकुरात उतरवून रिपोर्टला जोडतो. दुसरा ते पान वाचून त्यातले आयपी, डोमेन, हॅश आणि ओळखीची नावं वेचतो. ओळखीची म्हणजे तुमच्या प्लॅटफॉर्ममध्ये आधीपासून असलेली, म्हणून हल्लेखोर टोळ्या आणि त्यांच्या पद्धतींची जगभर वापरली जाणारी यादी, म्हणजे माइटर अ‍ॅटॅकचा डेटा आधी भरून घ्या, नाहीतर लेखात कितीही टोळ्यांची नावं असली तरी हा त्यांच्या शेजारून निघून जाईल, ओळख दाखवणार नाही. ब्लॉगवाले आयपी-डोमेन मुद्दाम मोडून लिहितात, टिंबाला चौकटी कंसात टाकतात, एचटीटीपीच्या जागी एचएक्सएक्सपी लिहितात, म्हणजे कुणी चुकून क्लिक केलं तरी उघडू नये. म्हणून नवा ब्लॉग जोडला की त्याची मोडायची पद्धत तुमच्या कनेक्टरला कळतेय का ते एकदा तपासा.

आणि आता तो जो मोह होतो त्याबद्दल. वेचलेलं सगळं आपोआप इंडिकेटर, म्हणजे 'हे दिसलं तर धोका' अशी खूण, करायचं आणि थेट फायरवॉलला, ईडीआरला, म्हणजे प्रत्येक लॅपटॉपवर पहारा देणाऱ्या सॉफ्टवेअरला, पाठवायचं, कुणी बघायला नको, फुल ऑटोमॅटिक. डेमोमध्ये फार भारी दिसतं हे.

आधीच्या एका नोकरीत आम्ही हे केलं होतं. रात्री दीडच्या सुमारास ईडीआरवर अलर्टचा पाऊस सुरू झाला, जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपवर घातक फाईल सापडली म्हणून. ड्युटीवरच्या पोराने मला उठवलं, मी मॅनेजरला उठवलं, त्यांनी त्यांच्या वरच्यांना, असं करत अर्धं ऑफिस जागं झालं, कुणीतरी तर बॅकअप डिस्कनेक्ट करायला निघालं होतं. फाईलचा हॅश बघितला तर डी४१डी८सीडी९ ने सुरू होणारा. ज्यांना माहितीय ते आत्ता हसले असतील. तो रिकाम्या फाईलचा एमडी५, म्हणजे एका ठरावीक पद्धतीने काढलेला हॅश, आहे. शून्य बाइटची कुठलीही फाईल घ्या, जगात कुठेही, एमडी५ हाच येणार. ब्लॉगवाल्याने हल्लेखोराच्या फोल्डरमध्ये सापडलेल्या सगळ्या फाईलींचे हॅश तक्त्यात टाकले होते, त्यात एक फाईल रिकामी होती, आमच्या यंत्राने ती इमानदारीत उचलली, आणि रिकामी फाईल कुणाच्या लॅपटॉपवर नसते सांगा? पहाटे चारला चहा पीत बसलो होतो तेव्हा मॅनेजर एवढंच म्हणाले, 'अरे, निदान कुणीतरी वाचायचं तरी होतं.'

असे नग ठरलेले असतात. लेखाच्या तळाशी 'आम्हाला फॉलो करा' म्हणून दिलेल्या सोशल मीडियाच्या लिंका. गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता ८.८.८.८, कारण मालवेअर इंटरनेट चालू आहे का बघायला त्याला हाक मारतं. हल्लेखोरांनी फाईल ठेवायला वापरलेली एखादी प्रसिद्ध फाईल शेअरिंग साईट, तीच साईट जिच्यावर तुमची मार्केटिंगची मंडळी दिवसभर असतात. आणि नावांची गंमत वेगळीच, क्यूबा नावाची रॅन्समवेअर टोळी आहे, प्ले नावाची आहे, मग क्यूबा देशाबद्दलच्या लेखात टोळी सापडते आणि प्ले हा शब्द तर इंग्रजीत पावलोपावली. मिस्पवाल्यांनी यासाठी वॉर्निंगलिस्ट केल्यात, रिकाम्या फाईलींचे हॅश, प्रसिद्ध साईट, सार्वजनिक डीएनएस, अशा तयार याद्या, त्यात सापडलेला नग लगेच लक्षात आणून देतात. ओपनसीटीआयमध्ये एक्सक्लूजन लिस्ट आहेत त्याच कामाच्या. पहिल्या दिवशी चालू करा, आम्ही केल्या तशा त्या रात्रीनंतर नको.

पण याद्यांनी सगळं भागत नाही, म्हणून वेचलेला माल थेट आत न घेता आधी अ‍ॅनालिस्टच्या नजरेखालून जाईल असं ठेवा. ओपनसीटीआयमध्ये त्यासाठी वर्कबेंच आहे. तांदूळ निवडायला ताटात घेतो तसं, खडे काढायचे, मग डब्यात. एका लेखाला सवयीने पाच-सात मिनिटं लागतात, रोजचे दहा लेख धरले तर तासभर. हा तास द्यायला माणूस नसेल तर फीड कमी करा, तपासणी कमी करू नका.

आणखी एक खड्डा आहे जो बराच उशिरा दिसतो. एकाच हल्ल्याबद्दल पाच ब्लॉग लिहितात, पाच रिपोर्ट होतात, पाचांत तोच आयपी. प्लॅटफॉर्मवर दिसतं की याला पाच जणांनी दुजोरा दिलाय, आणि बघणाऱ्याला वाटतं पक्कं आहे. पण मूळ लेख एकाचा, बाकी चौघांनी तो वाचून लिहिलं. चाळीत एका काकूंनी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाच घरांतून कानावर येते, म्हणून ती पाचपट खरी होत नाही. म्हणूनच तो वेगळा युजर, वेगळा लेखक, वेगळा कॉन्फिडन्स, ज्याचा फॉर्म भरताना कंटाळा आला होता. आम्ही बातमी देणाऱ्या साईटच्या रिपोर्टमधून आयपी-हॅश वेचतच नाही, फक्त लेख ठेवतो, वेचायचं ते मूळ तपास करणाऱ्यांच्याच लेखातून.

कुठले ब्लॉग जोडायचे याची तयार यादी मी देत नाही, कारण लोक ती शंभरची यादी कॉपी करतात आणि महिन्याभरात प्लॅटफॉर्म उघडायचं बंद करतात. उलटीकडून या. रविवारी बॉसचा फोन आला तर तो काय विचारेल? 'आपण वापरतो त्या फायरवॉलमध्ये भोक सापडलंय म्हणे, आपलं काय?' मग त्या फायरवॉल कंपनीची सिक्युरिटी फीड पहिली, आणि अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची, म्हणजे सिसाची, सूचनांची. सहकारी बँक असाल तर एटीएम, कार्ड, पेमेंट यांवर लिहिणारे. सरकारी किंवा संरक्षण खात्याशी संबंधित काम असेल तर पुण्यातल्याच क्विक हीलची सेक्राइट लॅब्ज, भारतीय लष्कराच्या लोकांना लक्ष्य करणाऱ्या साइडकॉपी टोळीवर त्यांनी २०२० मध्येच लिहिलं होतं, आणि आपल्याकडच्या हल्ल्यांत सापडणारी सरकारी पत्रांच्या नावाची बनावट पीडीएफ त्यांना लगेच कळते, जी परदेशातल्या ब्लॉगवाल्याला समजावून सांगावी लागेल. सिस्को टॅलोस, पालो आल्टोची युनिट ४२, कॅस्परस्कीचा सिक्युरलिस्ट, ही मोठ्या सिक्युरिटी कंपन्यांची मंडळी आहेतच. सुरुवात पाच-सहांनी करा.

देखभालीचं थोडक्यात. ब्लॉगवाले साईट बदलतात, फीडचा पत्ता मरतो आणि कुणी कळवत नाही, किंवा मधला बॉट अडवणारा पहारेकरी तुमच्या सर्व्हरला ४०३, म्हणजे 'आत यायला मनाई', देतो. शांत फीड आणि मेलेली फीड बाहेरून सारखीच दिसते. दर सोमवारी प्रत्येक फीडचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे तेवढं बघा, महिनाभर काही नसेल तर ब्राउझरमध्ये उघडून खात्री करा. आणि आयपीवर मुदत हवीच, आज चोराकडे असलेला भाड्याचा सर्व्हर चार महिन्यांनी एखाद्या केकवाल्याच्या दुकानाचा असू शकतो.

आता परत त्या १२ ऑगस्टच्या पोस्टकडे. ती आमच्या त्या फुल ऑटोमॅटिक यंत्रात टाकली असती तर काय निघालं असतं? ब्लॉक करायला काहीच नाही. हल्लेखोरांच्या आयपीची यादी नव्हती तिच्यात. होतं ते सगळं वाक्यांत, छोट्या बँका, शनिवार, पैसे काढायची मर्यादा उडवतात, हे कुठल्याच फायरवॉलला कळत नाही, माणसाला कळतं. आणि माणसाचा अर्थातच रविवार होता.

म्हणून आम्ही फीडच्या जोडीला ट्रिगर लावलेत. ओपनसीटीआयमध्ये नोटिफिकेशनखाली ट्रिगर आणि डायजेस्ट असे दोन प्रकार मिळतात, फिल्टर लावता येतो. रोज सकाळी साडेनऊला डायजेस्टचा मेल येतो, कालचे सगळे मथळे, तो चहाबरोबर एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे 'हे घे, हे सोड' करतात. आणि ज्या मोजक्या फीड थेट आपल्या पोटावर येऊ शकतात, आमची फायरवॉल, आमचा व्हीपीएन, एटीएमवाले, त्यांना लाइव्ह ट्रिगर, तो वेबहुकमधून, म्हणजे एका सिस्टिमने दुसरीला आपोआप निरोप द्यायच्या सोयीतून, ड्युटीवाल्याच्या फोनवर जातो. शनिवार-रविवारची ड्युटी वहीत लिहिलेली असते, आळीपाळीने. परवाच्या शनिवारी माझी होती, मंडईत मेथीची जुडी निवडत होतो तेव्हा फोन थरथरला, व्हीपीएनचा नवा पॅच, बाजूला होऊन लेख उघडला, खालपर्यंत वाचला, आमच्या व्हर्जनला लागू नव्हता. बिनकामाचा म्हणून रिपोर्ट बंद केला आणि मेथी घेतली.